पिनियन नट सुटेना: मागच्या डिफरन्शियलचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमचं गॅरेज कराडच्या पुढे महामार्गाला लागून आहे. बहुतेक काम पिकअपचं आणि जुन्या जीपच्या जातीतल्या गाड्यांचं. इंजिन पुढे, मधे लांबलचक प्रोपेलर शाफ्ट, जोर मागच्या चाकांना. या प्रकरणातली गाडीही तशीच एक पिकअप, बारा वर्षं राबलेली, मीटरवर २ लाख १४ हजार किलोमीटर. मालक भाजीचे व्यापारी. साठी जवळ आलेली, म्हणून आम्ही त्यांना आबा म्हणतो. अधूनमधून रात्री वाशीच्या बाजारात त्यांची खेप असते.

तक्रार साधी होती. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या, हाउसिंगच्या नाकाडातून ऑइल गळत होतं. फिरत्या फ्लँजने, म्हणजे प्रोपेलर जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीने, ते ऑइल चहूकडे उडवलं होतं. हाउसिंगवर, हौद्याच्या तळावर, हँडब्रेकच्या केबलवर, सगळीकडे काळा चिकट पट्टा उमटला होता. गिअर ऑइलला गंधकाचा एक कुबट वास असतो, तो गाडी दारात उभी राहिल्या राहिल्या आला. तिथे ऑइल अडवणारा रबरी ओठाचा सील आठ महिन्यांपूर्वीच दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलला होता, असं आबांनी सांगितलं.

फ्लँज हाताने वर-खाली, पुढे-मागे हलवून पाहिली. खेळ, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. गाडी चालवून आणली, साठ-सत्तरच्या वेगाला हूं असा आवाजही नव्हता. म्हणजे बेअरिंग शाबूत आणि काम सील बदलण्याएवढंच, असा अंदाज केला. आबांना म्हटलं, उद्या दुपारी घेऊन जा.

"मिस्त्री, परवा रात्री खेप हाय माझी. त्याच्या आत द्या म्हंजे झालं," एवढंच ते म्हणाले.

अडचण

ज्यांनी ही जागा उघडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेल पिनियन म्हणजे प्रोपेलरने फिरणारी छोटी दातेरी कांडी, ती क्राउन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. तिच्या शेंड्यावर फ्लँज बसते आणि तिला एक मोठा नट धरून ठेवतो. त्या नटाच्या मागे ओळीने सील, बाहेरचं टेपर बेअरिंग, एक पातळ नळी आणि आतलं टेपर बेअरिंग असतं. नळीला क्रश स्लीव्ह म्हणतात. नट आवळला की ती चिरडत जाते आणि दोन्ही बेअरिंग एकमेकांवर ठरावीक जोराने दाबली जातात. हा दाब म्हणजे प्रीलोड. तो कमी पडला तर पिनियन पुढे-मागे सरकते आणि क्राउनचे दात खाल्ले जातात. जास्त झाला तर बेअरिंग तापून जळतं. नळी एकदा चिरडली की परत फुलत नाही.

थोडक्यात, हा नट चाकाच्या नटासारखा 'घट्ट लाव आणि विसर' जातीचा नाही. तो किती फिरला, यावर आतलं सगळं गणित बसलेलं असतं. म्हणूनच पुढे जे झालं ते मनाला लागलं.

पहिल्या संध्याकाळी मी दुसऱ्या गाडीच्या इंजिनच्या हेडवर अडकलो होतो. आमच्याकडचा पोरगा, दोन वर्षं झाली त्याला, प्रोपेलर उतरवून नटाला भिडला. आधी हँडब्रेक ओढून अर्ध्या इंची टॉमी (नट फिरवायचा दांडा) आणि वर पाईप. गाडी झुलायची, चाकं कुरकुरायची, नट जागच्या जागी. मग फ्लँजच्या भोकात पहार घालून पाहिली, ती निसटून हाउसिंगवर आपटली. तिसऱ्यांदा जोर लावताना टॉमीच वाकली. शेवटी त्याने नट फिरवायची हवेची गन घेतली. आमचा कॉम्प्रेसर लहान आणि नळी बारीक. सात-आठ सेकंद गन खणखणायची, मग दाब बसायचा आणि नुसती कुरकुर उरायची.

मी वाकून पाहिलं तेव्हा तो डोकं मागच्या बाजूला करून उताणा झोपला होता आणि एक्सलच्या वरून हात पुढे घालून गन धरली होती. नटाचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला असतं. पुढून पाहिलं तर तो डावीकडे फिरवला की सुटतो. मागून पाहणाऱ्याला तेच उलटं दिसतं. गनचं बटण आवळण्याच्या बाजूला होतं.

"किती वेळ मारलीस अशी?"

"दादा, लई नाय. पाच-सहा सेकंद असेल."

नट हलला का, हे त्याला सांगता येईना. मलाही सांगता येईना, कारण नटावर आणि पिनियनच्या शेंड्यावर आम्ही आधी खूणच केली नव्हती. नटाची कॉलर पिनियनच्या खाचेत ठोकून बसवलेली होती, तीही उघडायची राहून गेली होती. टॉर्च लावून पाहिलं तर खाचेतला पत्रा दोन्ही अंगांना घासलेला दिसत होता. शिवाय एका खाचेऐवजी तीन ठिकाणी छन्नीचे घाव. आधीच्या कारागिरानेही त्यावर बराच राग काढलेला असणार.

मी काम थांबवलं. पोरगा चेहरा पाडून हात धूत बसला. खरं तर चूक माझी. दिशा आणि खूण या दोन गोष्टी त्याला दाखवल्याशिवाय मी त्याला गाडीखाली पाठवायला नको होतं.

कोणते पर्याय होते

रात्री हेड बसवून झाल्यावर आम्ही दोघं चहा घेत बसलो आणि एकेक वाट तपासली.

पहिली वाट ट्रकवाल्या टायरच्या दुकानातून पाऊण इंची मोठी गन आणायची. हा नट तिच्यासमोर टिकला नसता, याबद्दल शंका नाही. सोडवताना गन वापरायला माझी हरकतही नसते. पण त्यांचा कॉम्प्रेसर तिथेच रोवलेला, म्हणजे प्रोपेलर नसलेली गाडी ओढून न्यायची. त्यातही फ्लँज मोकळी असेल तर गनचा अर्धा मार पिनियन आणि क्राउनमधला खेळ इकडून तिकडे आपटण्यात जातो.

दुसरी वाट गॅसची. नट लालबुंद केला की बहुतेक वेळा सुटतो. पण दोन बोटांवर सील, त्यामागे बेअरिंग, आणि हाउसिंगमध्ये ऑइलचा वास अजून भरलेला. सील फेकायचाच होता, बेअरिंग नव्हतं फेकायचं. गॅस शेवटचा उपाय म्हणून बाजूला ठेवला.

नट कापणे ही तिसरी वाट. ग्राइंडरने एक बाजू पातळ करायची आणि छन्नीने फोडायचा. नट तर नवा लावायचाच असतो. पण तो फ्लँजच्या वाटीत खोल बसलेला आहे. चाक निसटलं तर पिनियनचे आटे गेले, आणि पिनियन गेली म्हणजे क्राउनसकट जोडीच बदलायची.

ऑइल भरून, आबांची खेप होऊ देऊन आठवड्याने निवांत काम करायचं, ही वाट आबांना सगळ्यात आवडली असती. पण नट आवळला गेला आहे की नाही हे माहीत नसताना भरलेली गाडी घाटात पाठवायची माझी तयारी नव्हती. तसं त्यांना फोन करून सांगितलं, पोराचं नाव न घेता. "आमच्याकडून तो नट उलटा फिरल्याची शंका आहे. उघडून बघितल्याशिवाय गाडी देत नाही." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. मी भाड्याची गाडी बघतो." त्या भाड्यातला निम्मा हिस्सा नंतर आम्ही बिलातून वजा केला.

उरली वाट फ्लँज अडवायची. आम्ही तीच धरली, आणि ती का धरली हे थोडं सविस्तर सांगायला हवं.

हँडब्रेकने हा नट का सुटत नाही? समजा नटाला ७०० न्यूटन मीटर (पिळण्याचा जोर या एककात मोजतात) जोर लागतो. या एक्सलचं गुणोत्तर साधारण ३.९, म्हणजे पिनियन ३.९ वेढे फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. म्हणजे पिनियन अडवून धरायला दोन्ही चाकांवर मिळून ७०० गुणिले ३.९, म्हणजे जवळपास २,७०० न्यूटन मीटर अडवणूक हवी. केबलवर ओढला जाणारा, ऑइलाने माखलेला जुना हँडब्रेक ती कुठून देणार? अशाने क्राउनचे दात तुटतात, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ती भीती नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिनही पिनियनवर साधारण तेवढाच जोर टाकतं. दात टिकतात, पण गाडी झुलते, टायर पिळतात, खेळ खडखडतो, आणि तुमचा सगळा जोर नट सोडून इतर सगळ्यांना मिळतो.

काय केलं

सकाळी फॅब्रिकेशनवाल्याकडून ५० बाय १० मिलीमीटरची लोखंडी पट्टी सव्वा मीटर कापून आणली. फ्लँजच्या शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मापाने तिला एका टोकाला दोन भोकं पाडली आणि गोटी (नटावर बसणारा सॉकेट) आत जाईल एवढी अर्धगोल कड कापली. बोल्ट प्रोपेलरचेच वापरले, ८.८ ग्रेडचे.

गाडी एक्सलच्या नळ्यांखाली स्टँड लावून मागून उचलली. पुढच्या चाकांना ओट (अडवणीचे ठोकळे) लावले. ऑइल काढलं. मागची चाकं आणि ड्रम उतरवले, म्हणजे ब्रेकचे लायनर घासण्याचा प्रश्न मिटला. नटावर, पिनियनच्या शेंड्यावर आणि फ्लँजवर टोकदार पंचने एका ओळीत खुणा केल्या. उशिरा का होईना.

मग माप. प्रीलोड मोजायचा बारीक टॉर्क पाना आमच्याकडे नाही. विमानाचं सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा आहे, तीनेकशे रुपयांचा. फ्लँजच्या गोल अंगाला सुतळी चार वेढे गुंडाळली, टोक काट्याच्या हुकात अडकवलं आणि एकसारख्या संथ गतीने ओढलं. सुरुवातीचा झटका सोडून द्यायचा आणि फ्लँज फिरत असतानाचा आकडा धरायचा. सुतळी ज्या अंगावर गुंडाळली त्याची त्रिज्या ५.५ सेंटिमीटर. म्हणजे काट्यावरचा एक किलो साधारण ०.५४ न्यूटन मीटर. तीनदा ओढलं, तिन्ही वेळा ४.१ किलोच्या आसपास. तो आकडा खडूने खांबावर लिहून ठेवला.

खाचेतला ठोकलेला पत्रा बारीक छन्नीने वर उचलला. घाई केली नाही, कारण इथे एक कपचा राहिला तर तो नटाबरोबर आट्यांवरून ओरबाडत येतो.

पट्टी बसवताना बाजूचा विचार लागतो. पुढून पाहताना नट डावीकडे फिरवायचा, म्हणजे फ्लँजही डावीकडे ओढली जाणार. पट्टी पुढून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला ठेवली की तिचं टोक खाली जमिनीवर टेकतं आणि जमीनच ती अडवते. पट्टीच्या टोकाखाली जाड फळी घातली. ट्रकच्या गॅरेजमधून मागून आणलेला पाऊण इंची हँडल ३२ ची गोटी लावून त्याच बाजूला, स्प्रिंगच्या पाट्यांच्या खालून बाहेर काढला आणि त्यावर पाईप चढवला. नटापासून पाईपच्या टोकापर्यंत सव्वा मीटरला जरा कमी, १.२ मीटर. आता जोर लावणारा माणूस गाडीखाली नाही, गाडीच्या बाजूला उभा आहे आणि वरून खाली दाबतो आहे. गोटी निसटली तरी तो फार तर गुडघ्यावर येईल.

पोराचं वजन ६२ किलो. १.२ मीटरवर अख्खं वजन टाकलं की सव्वासातशे न्यूटन मीटर होतात. त्याने एकदा दाबलं. पट्टी किंचित कमानली, फळी कण्हली, नट तसाच. मी गोटीच्या डोक्यावर, सरळ नटाच्या दिशेने, छोट्या हातोड्याने चार टोले दिले आणि म्हटलं, "परत. झटका नको, बसत जा त्याच्यावर."

खाट् असा एकच आवाज झाला. पोरगा दचकून बाजूला झाला. त्याला वाटलं, पाऊण इंचीही गेला. नट आठ-दहा अंश फिरलेला होता.

इथे एक मोजणी केली जी मला महत्त्वाची वाटते. नट दोन वेढे सैल करून फ्लँज मागे-पुढे मोकळी केली आणि पुन्हा सुतळी ओढली. बेअरिंगवर दाब नाही, तेव्हा जे उरतं ते क्राउन, एक्सल आणि सीलचं स्वतःचं ओढणं. काटा ०.९ किलो. म्हणजे ४.१ मधून ०.९ वजा जाता ३.२ किलो प्रीलोडचे, अर्थात १.७ न्यूटन मीटर. आमच्याकडच्या पुस्तिकेत या एक्सलच्या वापरलेल्या बेअरिंगसाठी ०.८ ते १.२ लिहिलंय. नट गरजेपेक्षा जास्त आवळला गेला होता, हे पक्कं झालं.

आणि इथेच खरा निर्णय आला. सीलचं काम करणारे बहुतेक जण जुनी नळी तशीच ठेवतात आणि नट आधीच्या खुणेपर्यंत, जरा पुढे आणून सोडतात. कारखान्यातून आल्यापासून नट कुणी हलवलेला नसेल तर ते बऱ्याचदा निभतं. पण या नटाची खूण म्हणजे चुकीची जागा होती. खुणेवर परत आणला असता तर चूकच नीट जपून परत बसवली असती. खुणेच्या अलीकडे थांबावं तर जास्त चिरडलेल्या नळीचा आधार गेलेला, मग नट धरणार कशावर? म्हणून नवी क्रश स्लीव्ह घालायची ठरली. कोल्हापूरहून दुपारच्या एसटीने दोन मागवल्या. एकच का नाही? चिरडताना हात पुढे गेला तर मागे फिरता येत नाही, दुसरीच घालावी लागते.

फ्लँज पुलरने ओढून काढली. हातोड्याने मागून ठोकायची सवय आमच्याकडे सगळ्यांनाच आहे, पण तसं केलं की कड दबते आणि पुढे फ्लँज डगमगत फिरते. नटाच्या आट्यांत लाल थ्रेडलॉकची (आटे चिकटवणाऱ्या डिंकाची) भुकटी मिळाली. छन्नीचे तीन घाव आणि वर हे. इतका जोर का लागला, त्याचं उत्तर तिथे होतं.

फ्लँजवर सीलच्या ओठाची चाकोरी पडलेली होती, नख अडकेल इतकी. नवी फ्लँज यायला तीन दिवस लागणार होते. ४०० नंबरच्या कागदाने गोल दिशेने घासून कडा मोडल्या आणि नवा सील दीड मिलीमीटर कमी खोल बसवला, म्हणजे ओठ चाकोरी सोडून कोऱ्या जागेवर टेकेल. हे फ्लँज बदलण्याला पर्याय नाही, हे आबांना सांगितलं आणि बिलावर लिहिलंही.

बाहेरचं बेअरिंग काढून जुनी नळी बाहेर घेतली, नवी घातली. नवा नट. पट्टी आता दुसऱ्या बाजूला, कारण आवळताना फ्लँज उजवीकडे ओढली जाते. गन कपाटात. हँडलने आवळत गेलो. नवी नळी चिरडायला सुरुवात व्हायलाच मोठा जोर लागतो, आणि तोवर काटा काही सांगत नाही. १.० किलो, परत १.०, मग १.१. नवख्या माणसाला इथे वाटतं की काहीच होत नाहीये, आणि तो पाईपवर लटकतो. तिथून पुढे दर पाच अंशांना थांबून, फ्लँज आठ-दहा वेढे फिरवून बेअरिंगचे रोलर बसू देऊन, मग सुतळी. १.६. २.३. २.८. थांबलो. ०.९ वजा केले तर १.९ किलो, म्हणजे १.० न्यूटन मीटर, मर्यादेच्या बरोबर मधे. नटाची कॉलर खाचेत एकदाच, एकाच जागी ठोकली. दुसरी नळी शिल्लक राहिली.

निकाल

ऑइल भरताना पोराने हाउसिंगवरच्या ब्रीदरची टोपी फिरवून पाहिली. ती फिरेना. आत वाळलेला चिखल, अगदी मडक्यासारखा भाजलेला. ऑइल तापलं की हाउसिंगमधली हवा फुगते, ब्रीदर बंद असेल तर तिला वाट उरते ती सीलच्या ओठातूनच. आठ महिन्यांत नवा सील का गळला, याचं निम्मं उत्तर तिथे आणि निम्मं फ्लँजच्या चाकोरीत. ब्रीदर साफ केला.

गाडी ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा गेली. पहिल्या खेपेहून आल्यावर हाउसिंगच्या नाकाडाला हात लावून पाहिला. कोमट, हात ठेवता येईल इतपत. साडेतीन महिन्यांनी, सात हजार किलोमीटरवर, सीलखाली धूळ कोरडी होती. नवी फ्लँज आबांनी अजून घेतलेली नाही. घेतील असं वाटतही नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वात आधी ब्रीदर. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते आम्ही सगळ्यात शेवटी, तेही पोराच्या हाताच्या चाळ्यामुळे केलं. गळती पाहून थेट नटाला भिडायची खोड मलाही आहे.

दुसरं, खूण आणि सुतळीचं माप नटाला गोटी लावायच्या आधी, गाडी कुणाच्याही हातात असो. आता मी पोराला दोन्ही करून दाखवायला लावतो. गन हातात घ्यायच्या आधी नट कुठल्या बाजूने पाहतोयस, हे त्याने तोंडाने सांगायचं. गॅस, कापाकापी यांपैकी काहीच लागलं नाही. लागली ती साडेतीनशे रुपयांची पट्टी, आणि ती पहिल्याच संध्याकाळी करता आली असती. टॉमी तरी वाचली असती.

एक गोष्ट मात्र राहिलीच. काट्यावरच्या त्या ४.१ किलोत आधीच्या गॅरेजचा हात किती आणि आमच्या पाच-सहा सेकंदांचा किती, ते मापाने सिद्ध करायची वेळ आम्ही स्वतःच घालवली होती. आबांनी नंतर एकदा विचारलं, "मिस्त्री, त्यो नट आधीपासनंच तसा होता न्हवं?" मी म्हटलं, आबा, सांगता येत नाही.